दावं आणि दावा

तामलवाडीच्या नाक्यावर मोटार पकडली तेव्हा मागच्या सीटच्या जागी ज्वारीची पोती होती आणि ड्रायव्हर पसार झाला होता. लढाईचे दिवस होते. मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या हद्दीतलं धान्य इंग्रजी हद्दीत न्यायला बंदी होती. नाका ओलांडला की सोलापूरचा रस्ता. तिकडं भाव बरा मिळे, त्यामुळं पोत्यांना पाय फुटत. पोलिसांनी मोटारीचा नंबर सरकारी दफ्तरात तपासला. मालकाचं नाव निघालं शिवलिंगप्पा, राहणार बेंबळी.

जामिनावर सुटल्यावर शिवलिंगप्पा थेट माझ्या बैठकीत आले. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी वकिली करत होतो. डोक्याला पटका, गळ्यात लिंग, अंगानं थोराड माणूस. बसायला सांगितलं तरी उभेच.

"वकीलसाहेब, ती मोटार म्या इकलीया. इकलेल्या मोटारीत कुणी काय भरलं, त्याला म्या काय करू?"

"कुणाला विकली?"

"बाबूराव गुत्तेदाराला. सडकंची कामं घेतो त्यो."

"कागद कुठं आहे?"

"कसला कागद?"

मी लेखणी खाली ठेवली. मोटार विकली की दफ्तरात जाऊन मालकाचं नाव बदलून घ्यायचं असतं. ते केलं नाही तर मोटार कुणीही पळवो, सरकारच्या लेखी मालक जुनाच. ही साधी गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती आणि त्यांनी कुणाला विचारली नव्हती. हौसेनं सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी मोटार घेतली, पुढं पेट्रोल मिळेना, मोटारीत कोंबड्या अंडी घालू लागल्या, म्हणून विकली. जन्मभर त्यांनी विकले होते ते बैल. बैलाला दफ्तर नसतं. मोटारही त्याच रीतीनं गेली. उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून सौदा ठरला. मध्ये दलाल होता तो बैलबाजारातला. पैसे हातोहात. मोटारीच्या बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि तिला वेशीपर्यंत पोचवून घरी आले.

"दलाल साक्ष देईल?"

"त्यो गुत्तेदाराचा मेव्हणा हाय."

म्हणजे संपलंच. मेव्हण्याला काहीएक आठवत नव्हतं. बाबूराव गुत्तेदारानं तर पोलिसांना सरळ सांगून टाकलं होतं की मोटार शिवलिंगप्पाचीच, आपण फक्त अधूनमधून भाड्यानं नेत होतो, आणि त्या दिवशी ती आपल्याकडं नव्हतीच.

याहून वाईट गोष्ट पुढं कळली. त्या काळच्या मोटारी पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून फिरवल्या की सुरू होत. झडतीच्या वेळी शिवलिंगप्पांच्या गोठ्यात, खुंटीला टांगलेलं, त्या मोटारीचं हँडल पोलिसांना सापडलं. मोटार विकून मोकळा झालेला माणूस तिचं हँडल कशाला जपेल?

मी चिडून तेच विचारलं. शिवलिंगप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू वेडा मीच आहे.

"बैल इकला तर आपण दावं देतो का, साहेब?"

हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. दावं म्हणजे जनावर बांधायची दोरी. आमच्याकडं बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते असं मानतात. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, बैलाच्या गळ्यात घालतो आणि नेतो. विकणारा आपलं दावं खुंटीला टांगून ठेवतो. शिवलिंगप्पांनी मोटारीचं दावं शोधलं आणि त्यांना ते हँडलमध्ये सापडलं. पोळ्याला बैलांच्या दाव्यांबरोबर त्याचीही पूजा केली होती.

मला हसू आलं, पण त्यांना नाही. गावातलं कंट्रोलचं दुकान त्यांच्याकडं होतं. सरकारी भावानं ज्वारी वाटायची ती त्यांनीच. नाक्यावरच्या पोत्यांची बातमी बेंबळीला पोचली त्या दिवसापासून गावानं हिशेब लावला होता.

"कैदेचं मला काय न्हाय," ते खाली बघत म्हणाले. "पर लेकराबाळांच्या तोंडची ज्वारी इकली म्हणत्यात. ओट्यावर कुणी बसंना झालंय. शरणार्थ म्हणून हात जोडलं तर लोक रस्त्याकडं बघत्यात."

मी खटला घेतला.

पहिल्या पेशीला, म्हणजे तारखेला, सरकारी वकिलांनी हँडल टेबलावर ठेवलं. आमच्या अदालतीचं कामकाज उर्दूत चाले. मुन्सिफसाहेब, म्हणजे न्यायाधीश, हैदराबादहून नवे आलेले. माणूस शांत आणि नेक, पण मराठीचा गंध नाही आणि बैलाशी संबंध नाही. पक्षकार मराठीत बोले, पेशकार म्हणजे कारकून ते उर्दूत सांगे, आणि मुन्सिफसाहेब लिहून घेत.

"यह हँडल तुम्हारे घर क्यों था?"

मी शिवलिंगप्पांना बजावून ठेवलं होतं, थोडक्यात बोला. ते फारच थोडक्यात बोलले.

"मोटार दिली, सायेब. दावं तेवढं माझ्याकडं ठेवलं."

पेशकारानं मान डोलावली आणि खणखणीत आवाजात तर्जुमा केला, "हुजूर, कहते हैं, मोटार दी, मगर दावा अपने पास रखा."

सरकारी वकिलांचा चेहरा उजळला. दावा म्हणजे हक्क. कायद्याच्या पुस्तकात पानापानावर असलेला शब्द. मोटार दुसऱ्याला वापरायला दिली, हक्क स्वतःकडं ठेवला. आरोपीनं भर अदालतीत, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून, मालकी कबूल केली होती. पेशकाराचंही चुकलं म्हणता येत नव्हतं. त्याच्या कानाला जन्मभर दावाच ऐकायची सवय.

मी उठलो. "हुजूर, दावा नहीं. दावं. रस्सी."

"रस्सी?" मुन्सिफसाहेबांनी लेखणी थांबवली. "वकीलसाहब, मोटार को रस्सी?"

मागच्या बाकावर लोक हसले. मी दाव्याची रीत समजावून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही गोष्ट मोठी दिलचस्प आहे, पण ती सांगतोय आरोपीचा वकील. साबित करा. तोवर दोन्ही शब्द कागदावर राहतील.

बाहेर येताच शिवलिंगप्पा म्हणाले, "म्या खोटं काय बोललो?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "तोच तर त्रास आहे." खोटं बोलणाऱ्या पक्षकाराला आवरता येतं. खरं बोलणारा कुठं काय बोलून बसेल याचा नेम नसतो. माझा त्या दिवशी त्यांच्यावर फार राग होता.

रागातच मी घरी गेलो आणि हँडलचाच विचार करत बसलो. सरकारी वकिलांचं सगळं म्हणणं त्या हँडलवर उभं होतं. ज्याच्या घरी हँडल, त्याची मोटार. पण मग नाक्यापर्यंत मोटार आली कशी? पकडलेल्या मोटारीत दुसरं हँडल होतं, ओबडधोबड, लोहारकामाचं. सरकारी वकील म्हणत होते, तेही शिवलिंगप्पांनीच करून घेतलं, चोरून माल न्यायला. माझे वडील शेती करत. बैल विकताना, घेताना, उसना आणताना मी त्यांना पाहिलं होतं. विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली आणि मला स्वस्थ झोप लागली.

पुढच्या पेशीला बाबूराव गुत्तेदाराची साक्ष होती. अंगात कोट, बोटात अंगठी. मोटारीबद्दल प्रश्न येणार म्हणून पूर्ण तयारीनं आलेला. मी मोटारीचं नावच काढलं नाही.

"बाबूराव, घरी शेती आहे?"

"हाय की."

"बैल?"

"खिलार जोडी हाय," त्याची कळी खुलली. "पंचक्रोशीत तसली जोडी न्हाय."

सरकारी वकील उठले. बैलांचा इथं काय संबंध? मुन्सिफसाहेबांनी हातानंच त्यांना बसवलं.

"जोडी घेतली तेव्हा दावं कुणाचं होतं?"

"माझंच की. इकणारा दावं देत नसतोय. दिलं तर त्याच्या गोठ्याची बरकत जाती."

पेशकार तर्जुम्याला अडखळला. मुन्सिफसाहेब स्वतःच म्हणाले, "रस्सी लिखिए." मला बरं वाटलं.

"आणि पेरणीला शेजाऱ्याचा बैल उसना आणला, किंवा भाड्यानं आणला तर?"

बाबूराव माझ्या अज्ञानाला हसला. "वकीलसाहेब, तुमी कधी बैल बघितलाय का न्हाय? उसना बैल दाव्यासकट येतो. त्याचं दावं कोण सोडून ठेवील?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "आणि बेंबळीहून ती मोटार पहिल्यांदा आणली, तेव्हा हँडल कुणाचं होतं?"

गडी अजून बैलबाजारातच होता. "आमचंच. लोहाराकडनं करून घेऊन गेलतो. शिवलिंगप्पा त्यांचं द्यायचे न्हाईत, ठाऊकच हुतं."

बोलला आणि थांबला. मग त्यानं सरकारी वकिलांकडं पाहिलं. सरकारी वकील कागद चाळत होते. मी खाली बसलो.

पेशकारानं या वेळी एकेक शब्द नीट सांगितला. मुन्सिफसाहेबांनी दोन्ही हँडलं जवळ मागवली. एक लोहारकामाचं, ग्रीस लागलेलं. दुसरं बेंबळीच्या गोठ्यातलं, त्यावर हळदीकुंकवाचे डाग. ते बराच वेळ दोन्ही पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "जिसने रस्सी रख ली, उसने बेचा. जो अपनी रस्सी लेकर आया, उसने ख़रीदा. किराए पर जाता तो रस्सी समेत जाता."

मला एवढंच हवं होतं, आणि माझ्यापेक्षा त्यांनी ते चांगलं मांडलं. घरात सापडलेलं जे हँडल शिवलिंगप्पांना कैदेत घालणार होतं, त्याच हँडलनं मोटार विकली गेली हे ठरलं. ते निर्दोष सुटले. ज्वारीचा जाब द्यायची पाळी बाबूराव गुत्तेदारावर आली.

निकालानंतर मुन्सिफसाहेबांनी शिवलिंगप्पांना पुढं बोलावलं. हँडल स्वतःच्या हातानं उचलून दिलं आणि शब्द जुळवत, अनुस्वारावर जोर देत, मराठीत म्हणाले, "घ्या. तुमचं दावं."

शिवलिंगप्पांनी ते कपाळाला लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते. खरं सांगायचं तर माझेही.

पुढं त्यांनी ते हँडल गोठ्यात नेलंच नाही. कंट्रोलच्या दुकानात, तराजूच्या शेजारी टांगलं. ज्वारी न्यायला येणाऱ्याला आधी सगळा खटला ऐकावा लागे, मग माप मिळे. एकदा कामानिमित्त मी बेंबळीला गेलो तेव्हा ओट्यावर बसायला जागा नव्हती. शिवलिंगप्पा सांगत होते आणि लोक, बहुधा कितव्यांदा तरी, ऐकत होते. तेच लोक, जे रस्त्याकडं बघत.

तेव्हापासून मोटार विकणारा कुणीही सल्ल्याला आला की मी एकच सांगतो, आधी दफ्तरात जाऊन नाव बदला, मग नारळ फोडा. साक्षीदार कुणाचाही मेव्हणा नसावा. बैलाच्या व्यवहारात घेणारा आणि विकणारा दोघांना रीत ठाऊक असते. मोटारीची रीत सरकारला तेवढी ठाऊक असते.

कालांतरानं मी माझीही जुनी मोटार विकली. घेणाऱ्याला हाताला धरून दफ्तरात नेलं, नाव बदललं, पावती घेतली. सगळं झाल्यावर त्यानं हँडल मागितलं.

मी म्हटलं, "ते तुम्ही लोहाराकडून करून घ्या."