गिरणीतलं मस्कत

रोह्याला आमच्या आळीत पिठाची गिरणी चालवणारी मावशी दिवसभर त्या धडधडाटात बसायची, आणि तरी तिला आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त ऐकू यायचं. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, भुवयांवर पीठ आणि रुमालाच्या आत दोन्ही कानांत इअरफोन. गिऱ्हाइकाने डबा ठेवला की ती एक बोट वर करायची, म्हणजे जाड का? मग दोन बोटं, म्हणजे बारीक? आपण मान हलवली की डबा रांगेत जायचा. तोंडाने बोलणं नाही, कारण त्या वेळी ती रोह्यात नसायचीच. ती मस्कतला असायची.

आणि मस्कत माझं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे वागलो ते का वागलो हे कळेल. अठरा वर्षं मी तिकडे एसी दुरुस्तीचं काम केलं. परत येऊन स्लॅबचं घर बांधलं, छोटं दुकान टाकलं, आणि 'मस्कतवाला' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. संध्याकाळी दुकानापुढच्या बाकावर चार माणसं जमायची आणि मी त्यांना तिकडच्या मेजवान्या, तिकडची लग्नं, तिकडचे रीतिरिवाज सांगायचो. त्यातलं निम्मं मी नुसतं ऐकलेलं होतं, थोडं मनाचंही होतं. पण खोडून काढणार कोण?

मावशीचं माहेर पेणचं. नवरा गेल्यावर गिरणी तिनेच चालवली. पेणच्या भाचीने एकदा तिच्या फोनमध्ये एक ऐकायची मालिका घालून दिली. मूळ अरबी, पण हिंदीत केलेली. मस्कतमधलं एक घर, त्यात एक विधवा म्हातारी, तीन मुलगे, तीन सुना, आणि गावाकडची खजुराची बाग विकायची की ठेवायची यावरून चाललेली धुसफूस. चित्र काही नाही, नुसते आवाज. मावशी त्या घरात शिरली ती बाहेर आलीच नाही.

महिन्याभरात माझा बाक ओस पडला. पूर्वी डबा ठेवून घरी जाणाऱ्या बायका आता गिरणीतच थांबू लागल्या. दोन दळणांच्या मध्ये मशीन बंद झालं की मावशी एक इअरफोन काढायची आणि सांगायची, "आज धाकट्या सुनेनं धूप फिरवला नाय गो. पाव्हणे उठतील कसे?" मग कुणीतरी विचारायचं, धुपाचा आणि पाहुण्यांचा काय संबंध? मावशी समजावून द्यायची, की तिकडे जेवण झाल्यावर लोबानाचा धूप फिरवतात, पाहुण्याने तो अंगावर घ्यायचा आणि मग निरोप घ्यायचा. जा म्हणावं लागत नाही. बायका खूश व्हायच्या. एक दिवस मी माझा डबा घेऊन मागे उभा होतो, मला राहवलं नाही. म्हटलं, "असलं काही नसतं तिकडे."

मावशी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "नसंल बाबू. तू ऱ्हायलायस तिकडं. सांग, कसं असतं?"

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्या देशातल्या कितीतरी घरांवर काम केलं होतं, पण मशीन गच्चीवर असायचं आणि जिना बाहेरून. काम झालं की कुणीतरी थंड पाण्याची बाटली हातात द्यायचं आणि मी गाडीत बसायचो. माझा अरबाब, म्हणजे मालक, भला माणूस होता, अठरा वर्षांत कधी आवाज चढवला नाही. पण त्याच्या बैठकीत मी एकदाही टेकलो नव्हतो. तिथे माणसं काय बोलतात, कशावर हसतात, कशावर रुसतात, मला काडीचं माहीत नव्हतं. मी "प्रत्येक घराची रीत वेगळी" असं काहीतरी पुटपुटलो आणि दळण न घेताच घरी आलो. बायकोने विचारलं तर तिच्यावरच डाफरलो.

मला सगळ्यात जास्त राग यायचा तो तिच्या थाटाचा. थाट म्हणजे भपका नव्हे. ती चहा देताना किटली डाव्या हातात धरून उजव्या हाताने कप पुढे करू लागली. मशीन बंद असताना कुणी आलं की आधी उभी राहायची, मग तब्येत, मुलं, गुरं, भात कसं झालं, सगळी विचारपूस, आणि त्यानंतर दळणाचं. "आधी खबर, मग काम. त्यांच्यात तसंच हाय," म्हणायची. तिला हे सगळं शोभायचं, म्हणून मला सहन व्हायचं नाही.

एकदा मी मुद्दाम फोनवर मस्कतच्या घरांचे फोटो शोधून तिच्यापुढे धरले. तिने डोळ्यांवर पिठाचे हात घेतले. "नको दाखवू. माझं घर पुसून जाईल ना!" तिचं घर म्हणजे काय, तर निडी गावातल्या तिच्या स्वतःच्या मावशीचं अंगण, त्यात खजुराची चार झाडं लावलेली, आणि पडवीत ती अरबी म्हातारी बसलेली. मी हसलो, म्हटलं, "मावशी, पेणच्या पुढे गेली नाहीस आणि मस्कतच्या गप्पा मारतेस." ती म्हणाली, "ऐकायला पासपोर्ट लागत नाय, बाबू." बायका फिदीफिदी हसल्या. त्या हसण्याने माझा जो जळफळाट झाला, तो अजून आठवतो.

आणि मग अरबाबचा मुलगाच आला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईला होतं. एक मोकळा दिवस मिळाला तर गाडी करून कोलाडमार्गे थेट माझ्या दारात. दोन दिवस आधी फोन आला तेव्हा मी आख्ख्या आळीला सांगून ठेवलं. दुकान बंद ठेवलं, नवी चादर घातली, मस्कतहून आणलेली कॉफीची शोभेची पितळी सुरई घासूनपुसून काढली आणि वेलची घालून कॉफी उकळली. मावशीला मात्र बोलावलं नाही. विसरलो नव्हतो. मुद्दाम बोलावलं नाही.

मुलगा हिंदी बरं बोलायचा. इवल्याशा कपात मी कॉफी दिली, त्याने घेतली, छान म्हणाला. दुसरा कप झाला, तिसरा झाला. तिसरा संपल्यावर त्याने रिकामा कप हातात धरून हलकेच हलवला. मला वाटलं, आणखी हवी. मी ओतली. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह नाही केला तर काय म्हणतील? ती पिऊन त्याने पुन्हा कप हलवला, मी पुन्हा ओतली. असं किती वेळा झालं, सांगायला लाज वाटते. बिचारा हसून हसून पीत होता, कपाळावर घाम आला होता. खिडकीत आळी जमलेली. मी मनात म्हणतोय, बघा रे, अरबाला माझी कॉफी किती आवडली.

तेवढ्यात मावशी आली. घावण्यांसाठी बायकोने तांदळाचं पीठ सांगितलं होतं, ते घेऊन. दारातच तिने तो हलणारा कप पाहिला. पुढे झाली, माझ्या हातातली सुरई काढून घेतली, उजव्या हाताने त्याच्याकडून कप घेतला आणि मला म्हणाली, "बाबू, पीठ आत ठेव जा, मुंग्या लागतील." मुलाने असा काही सुस्कारा सोडला की मला आतपर्यंत ऐकू आला. कप हलवणं म्हणजे पुरे, हे मला तेव्हा कळलं. अठरा वर्षांनी, माझ्याच घरात.

मी बाहेर आलो तेव्हा तो तिला विचारत होता, "खाला, आपको कैसे मालूम?" ती म्हणाली, "दो साल से तुमारे घर में ही रहती मैं." मग दोघं जे बोलत बसले ते बसलेच. खजुराची बाग, त्याची आजी, सुनांची भांडणं. त्यांच्याही घरी ती मालिका सगळे ऐकतात म्हणे. मी माझ्याच घरात घावणे वाढत होतो. रात्री आळीतल्या बायकांनी कपाचं विचारलं तर मावशी म्हणाली, "कपाला चीर होती गो, हात कापला असता त्याचा." तिने मला वाचवलं, आणि त्यामुळे मी तिच्यावर आणखीच जळलो.

पंधरा दिवसांनी माझ्या फोनवर अरबाबच्या मुलाचा निरोप आला, गिरणीवाल्या खालाला ऐकवा. सोबत त्याच्या आईचा आवाज, मुलासारखाच हिंदीत. मी लावला. "सलाम खाला. आज घुटने के टाँके निकले. बेटे ने आपका सब बताया. हमारे घर आना, ये आपका भी घर है..." मी तिथेच बंद केला. अठरा वर्षांत मला त्या घरातून 'या' असा एक शब्द मिळाला नव्हता, आणि हिला, जिने विमानतळही पाहिला नाही, तिला घर! मी फोन खिशात टाकला. उद्या ऐकवू म्हटलं. रोज गिरणीवरून जाताना ती हात करायची, "खबर काय, बाबू?" मी म्हणायचो, "काही नाही."

होळीनंतर तिला धाप लागू लागली. भाऊ येऊन पेणला घेऊन गेला, गिरणीला कुलूप लागलं. वैशाखात कुणीतरी सांगितलं की आता फार दिवस नाहीत. तेव्हा कुठे मी एसटीत बसलो. नागोठणं गेलं, गडब गेलं, आणि सबंध वाटभर मी तिला काय सांगायचं ते जुळवत होतो. भावाचा गणपतींचा कारखाना. न रंगवलेल्या मूर्तींच्या फळ्यांशेजारच्या खोलीत ती पडली होती, डोक्याला रुमाल तसाच.

"मावशी, मस्कतहून तुला निरोप आलाय," मी म्हटलं. "कालच."

तिने उठून बसायचा प्रयत्न केला. पिशवीतून इअरफोन काढून माझ्या हातात दिला. मी फोनला जोडला, तर म्हणाली, "एक कान तू घे." दोघांनी मिळून ऐकलं. टाक्यांचं वाक्य आलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशन कधी झालं हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी मान खाली घातली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. "मागं पानी वाजतंय," कुजबुजली. "पोर रांगतंय. कुनीतरी बांगड्या घातल्यात." मला यातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि तिथे, त्या अवस्थेतही, मला तिचा हेवा वाटला.

मग ते वाक्य आलं जिथे मी थांबलो होतो, आणि त्याच्या पुढचं, जे मी कधी ऐकलंच नव्हतं. ती बाई म्हणत होती, "...और खाला, अकेली मत आना. उस भाई को साथ लाना. इतने साल हमारे यहाँ काम किया, हमने एक बार भी अंदर नहीं बिठाया. मुझे अब शरम आती है. उसको बोलना, उसका घर भी है."

आवाज संपला. मला मावशीकडे बघवेना. मी इअरफोन काढायला लागलो, तर तिने माझं मनगट धरलं.

"परत लाव," ती म्हणाली. "तुझ्यापासनं लाव."