नेपाळ, बांगलादेश आणि एक जोडलेली रेषा

दरडोई उत्पन्न हे शब्द ऐकले की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या शब्दांची बिचाऱ्यांची काही चूक नाही.

भाईंदर पश्चिमेच्या एका क्लासमध्ये आम्ही दोघी मैत्रिणी अकरा वर्षं अर्थशास्त्र शिकवत होतो. मी जेसल पार्कहून यायचे, ती बेव्हर्ली पार्कहून. आमचा एक नेम होता. एकीने तक्ता काढला की दुसरीने तो तपासून कोपऱ्यात बरोबरची खूण करायची, त्याशिवाय फळ्यावर लावायचा नाही. पोरं अर्धं हिंदी, अर्धं गुजरातीत प्रश्न विचारून हैराण करायची, आणि चूक सापडली की आठवडाभर चिडवायची. या नेमामुळे आमची अब्रू टिकून होती.

मग मीरा रोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात कायमची जागा निघाली. एकच. आम्ही दोघींनी एकमेकींना सांगून अर्ज केले. मला ती हवी होती म्हणजे हवीच होती. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, आणि क्लासमध्ये मे महिन्याचा पगार नसतो. हे तिला माझ्या आईच्या आधी ठाऊक होतं.

डेमो लेक्चरचा विषय सगळ्यांना सारखाच दिला होता: नेपाळ आणि बांगलादेश, दरडोई उत्पन्नाची काळानुसार तुलना. मी तीन दिवस खपून आलेख काढला आणि नेहमीसारखा तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला, दोन्ही रेषांवरून सावकाश बोट फिरवलं आणि खूण केली.

"मस्त झालंय गं," ती म्हणाली. "माझं तर अजून सुरूही नाही."

डेमोला माझा नंबर पहिला. एका देशाची रेषा मधेच टुणकन वर गेली होती. समोर बसलेल्या ज्येष्ठ सरांनी विचारलं, "ही वाढ कशाने?" मी सुसाट सुटले. परदेशातून घरी येणारा पैसा, बायकांना मिळालेलं काम, काय काय सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, इथे त्या देशाने आधारवर्ष बदललंय," ते शांतपणे म्हणाले. "तुमची शेजारीण आधीपासून मिळणारे शिकवणीचे पैसे आजपासून घराच्या जमेत धरायला लागली, म्हणजे ती आज श्रीमंत झाली का? मोजायची पद्धत बदलली. जुनी रेषा नव्या रेषेला अशी जोडायची नसते."

इतकी साधी गोष्ट! एखाद्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पुढचं लेक्चर मी कसं संपवलं, मला आठवत नाही.

जागा तिला मिळाली. मला वाईट वाटलं, पण आपल्यातल्या एकीला मिळाली म्हणून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पेढे घेऊन तिच्या घरी गेले. क्लासच्या सरांनी तिच्याकडचे जुने तक्ते आणायला सांगितले होते. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "कपाटात गठ्ठा आहे बघ, तूच घे. मी चहा टाकते."

गठ्ठ्यात तिचा डेमोचा आलेख होता. तेच दोन देश. माझी रेषा जिथे वर गेली होती तिथे तिने ती तोडली होती, आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: आधारवर्ष बदलले, रेषा जोडू नये. बाजूला तारीख. तिने माझा आलेख तपासला त्याच्या आदल्या दिवसाची.

ती चहा घेऊन आली तेव्हा तो कागद माझ्या हातात होता.

"तुला माहीत होतं?"

तिने कप खाली ठेवले. ओढणीला हात पुसले. "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं," ती म्हणाली. मग कप माझ्यापुढे करत, "जागा एकच होती गं. माझ्या जागी तू असतीस तर हेच केलं असतंस."

नसतं केलं. हे तिथल्या तिथे तिच्या तोंडावर सांगायला हवं होतं. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडणारी मी, त्या दिवशी तिने पुढे केलेला कप घेतला. साखर बरोबर आहे ना, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, छान झालाय.