वरच्या खोलीतले सोवळे

सोवळेंना किळस फार यायची. चहात बुडवलेलं बिस्किट तुटून तळाशी गेलं की ते कप बाजूला सारायचे. दुसऱ्याने हाताळलेला फोन शर्टाच्या टोकाने पुसल्याशिवाय कानाला लावायचे नाहीत. दुधावरची साय दिसली की मान फिरवायचे. खरं नाव एलिया. टांझानियातल्या डोडोमा भागातून ते आमच्या शहरात इंजिनिअरिंग शिकायला आले होते. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. ‘सोवळे’ हे नाव माझ्या आईने ठेवलं.

या नावात एक चेष्टा होती आणि ती आमच्या गल्लीत सगळ्यांना लगेच कळायची. आमची वसाहत बौद्धांची. आई म्हणायची, “आपल्या हातचं न खाणारी मानसं माझ्या आईबापानं पाह्यली. माझ्या नशिबाला हा आला, तोबी वरच्या मजल्यावर.” आई सरकारी दवाखान्यात आया होती. लोकांची घाण काढण्यात तिची सगळी नोकरी गेली, त्यामुळे सोवळेंचं नाक मुरडणं तिला करमणुकीसारखं वाटे. ते तिला ‘मामा’ म्हणत. त्यांच्या भाषेत तो शब्द आईसाठी. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण त्या हाकेला आई ‘ओ’ द्यायची.

त्यांना खोली कशी मिळाली ते आठवलं की आजही तोंड कडू होतं. एका घरमालकाने विचारलं, हे लोक काय काय खातात? दुसऱ्याने सांगितलं, खोलीला रंग द्यायचाय. तो रंग वर्षभर काही वाळला नाही. असं बोलताना माणसाच्या नाकाशी जी घडी पडते ती आईच्या चांगल्या ओळखीची होती. तिने पुढे काही न विचारता वरच्या खोलीची किल्ली दिली.

शिक्षण संपत आलं तसे सोवळे व्हिडिओ करू लागले. पैठण रोडने शेअर रिक्षात बसून चितेगावला जायचे. तिथे एका वर्कशॉपमध्ये पिठाच्या गिरण्या, मका सोलायची यंत्रं, कडबाकुट्ट्या तयार व्हायच्या. अशी यंत्रं त्यांच्या देशातही जात, पण ती उघडायची कशी, बिघडली तर बघायचं कुठे, हे तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणारं कुणी नव्हतं. सोवळे ते स्वाहिलीत सांगायचे. यंत्र तापेपर्यंत चालवल्याशिवाय ते त्याच्याबद्दल चांगला शब्द काढायचे नाहीत. एका मालकाने नुसतंच कौतुक करायला सांगितलं, तेव्हा घरी येऊन म्हणाले, “मामा, झूठ बोलने से मुँह में साय जैसा लगता है.” आईला हे वाक्य इतकं आवडलं की दवाखान्यातल्या डॉक्टरलाही तिने ते ऐकवलं.

पण खरं सांगणारे व्हिडिओ फारसं कुणी बघत नव्हतं. त्यात ती दुष्काळाची वर्षं. इथे नळाला आठवड्याने पाणी, आणि तिकडे त्यांच्या घरचा मका उभा वाळलेला, म्हणून घरून पैसे येणंही थांबलं. अशा वेळी त्यांना बंटी भेटला.

बंटीचं विनोदी चॅनेल होतं. त्याने सोवळेंना तिखटजाळ मिरची खायला घातली, डोळ्यांतून पाणी काढत ‘लई तिखट हाय माय’ म्हणायला लावलं आणि उड्या मारायला सांगितलं. तो व्हिडिओ गावभर झाला. मग सोवळे रस्त्याने निघाले की रिक्षातले बाप्ये, दुकानातले शेठ, मोटारसायकलवरून बायको-मुलांना घेऊन जाणारे सभ्य गृहस्थ, सगळे तेच वाक्य ओरडायचे. गिरणीच्या व्हिडिओखालीही लोक लिहायचे, आधी उड्या मार. सोवळे सुरुवातीला हसले. पुढे घरी आले की आपल्या वाटणीच्या एका बादलीत पुन्हा पुन्हा तोंड धुवायचे.

दुसऱ्या व्हिडिओला ते नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. बंटीने सांगितलं होतं की हंडा आपलाच आहे, बायका ठरवलेल्या आहेत, सगळी गंमत आहे. टँकर आला, रांग लागली. रांगेत माझी आई होती, मीही होते. सोवळेंनी कडेला ठेवलेला एक भरलेला हंडा उचलला, कॅमेऱ्याकडे बघून शिकवलेलं वाक्य म्हटलं आणि त्या पाण्याने पाय धुतले.

हंडा गयाबाईंचा होता. त्यांचा मुलगा शेंद्र्याला कारखान्यात लागला म्हणून त्या गाव सोडून इथे पत्र्याच्या खोलीत राहायला आलेल्या. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसल्या, चिखलातलं पाणी पदराने टिपलं आणि पदर हंड्यात पिळू लागल्या. बंटी फोन घेऊन आणखी जवळ गेला. सोवळे ओल्या पायांनी उभेच. “बस करो,” ते म्हणाले. बंटीने हातानेच खूण केली, चालू ठेव. मग सोवळे टँकरच्या चाकाशी वाकले आणि ओकले. बंटीने तेही घेतलं, आणि नंतर त्याला हसण्याचे आवाज जोडून सगळं लोकांपुढे टाकलं.

आईने आपला नंबर आल्यावर हंडा भरला, गयाबाईंच्या दारात नेऊन त्यांच्या हंड्यात रिता केला आणि तशीच घरी आली. संध्याकाळी गल्लीतली माणसं त्या काळ्याला बाहेर काढा म्हणून आली. खोली माझी आहे, बंटीला आधी पकडून आणा, मग माझ्या दारात या, असं आईने त्यांना सुनावलं. माणसं गेल्यावर मात्र आई जिन्याखाली उभी राहिली आणि सोवळेंना खाली बोलावलं.

“दवाखान्यात मी काय काय उचलते, तुला ठाव नाय,” ती म्हणाली. “कशाचीच किळस येत नाय मला. आज तुझी आली.”

“मुझे भी, मामा,” सोवळे म्हणाले.

त्यानंतर मायदेशी परत जाईपर्यंत गयाबाईंचं पाणी सोवळेंनी भरलं. लांबच्या बोअरवरून हंडे आणून उंबऱ्यापाशी ठेवायचे. गयाबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. सोवळेंच्या देखत हंड्याचा काठ पदराने पुसून मगच आत न्यायच्या. मला ते बघवेना. मी तसं म्हटलं, तर सोवळे मान हलवून म्हणाले, “ती बरोबर करते.” हे वाक्य त्यांनी चक्क मराठीत म्हटलं होतं. निघताना ते गयाबाईंच्या दारात गेले. दार बंद होतं. ते थोडा वेळ थांबले आणि बॅगा घेऊन रिक्षात बसले. आईने भाकरीचा डबा दिला होता. तो त्यांनी न पुसता मांडीवर धरला.

डोडोमाला त्यांनी यंत्रांच्या व्हिडिओंचं तेच काम पुन्हा मुळापासून सुरू केलं. पहिली काही वर्षं फार ओढाताणीची गेली. आता त्यावर त्यांचं घर चालतं, व्हिडिओ करायला एक छोटी शेडही आहे. कौतुक करावं म्हणून कुणी फुकट यंत्र पाठवलं तर ते परत करतात. त्यांच्या व्हिडिओत गरीब माणसाचा चेहरा कधी दिसत नाही. फक्त हात आणि यंत्र. त्यांची भाषा मला कळत नाही, तरी मी बघते. आईला ते रविवारी फोन करतात. ती अजून विचारते, साय खायला लागला का? ते अजून तोंड वाकडं करतात.

टँकरचा तो व्हिडिओ काढून टाका म्हणून त्यांनी बंटीला किती विनवण्या केल्या. बंटीने ऐकलं नाही. आता त्याचं जालना रोडवर काचेचं ऑफिस आहे. घरबसल्या कमाई कशी करायची हे तो तिथे पोरांना शिकवतो. दारावर हाताची घडी घातलेला त्याचा भला मोठा फोटो आहे. त्या रस्त्याने जायची वेळ आली की मी दुसरीकडे बघते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने फोन पुढे केला. म्हणाले, मॅडम, हे बघा, हसून मराल. तोच व्हिडिओ, नुसतं नाव नवं. मी तो शेवटपर्यंत पाहिला. हा माणूस आमच्या घरी राहायचा, माझ्या आईला आई म्हणायचा, असं मी सांगितलं. ते जरा ओशाळले. मग समजूत काढल्यासारखं म्हणाले, “अहो, एवढं काय मनाला लावून घेता. हे सगळं ठरवून केलेलं असतं. खरं काही नसतं त्यात.”

“पाणी खरं होतं,” मी म्हटलं आणि फोन परत दिला.