वेशीपुढचा दर्या

कुंचल्याला टोक आणायला आमच्या गावचा पेंटर कुंचला तोंडात घालायचा. तोंडात पान असायचे. तोच लाळेचा कुंचला मग देवाच्या तसबिरीवर फिरे. मला किळस यायची, आजही येते.

मालवणच्या बाजारात तो तसबिरींना चौकटी करी, होड्यांवर नावे रंगवी. घेतलेली वस्तू होती तशी परत करणे त्याला ठाऊकच नव्हते. "हय कायतरी उणा दिसता," म्हणायचा आणि हात चालवायचा. माझ्या काकांच्या फोटोला त्याने काळ्याभोर मिशा दिल्या. काकांना मिशी नव्हती. लोक हसत आणि पुन्हा त्याच्याकडेच जात. असा एखादा तुमच्याही गावात असेल.

चौऱ्याऐंशी साली शेजारच्या टीचरकडच्या एका चित्राची काच फुटली. कुणा साहेबाने जलरंगात काढलेली कैरोची जुनी वेस: उंच कमान, दोन बाजूंना पिवळी तटबंदी, पुढे वाळू आणि दोन उंट. टीचरचे वारलेले वडील बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ते आणलेले. अंथरुणाला खिळलेली टीचरची आई रोज त्याच्याकडे बघत पडायची. ते मी पेंटरकडे नेले. चिठ्ठीवर लिहिले, 'अठरा इंच बाय तेरा. फक्त काच.' दोनदा वाचूनही दाखवले.

चार दिवसांनी पाहतो तर वाळूच्या जागी निळा समुद्र, उंटांच्या जागी दोन होड्या आणि कमानीवर भगवा झेंडा!

"हे काय केलंस?"

"दर्यो नाय तर किल्लो कसलो, भाऊ? कोरडो दिसत होतो."

"अरे, हा किल्ला नव्हे! मुसलमानांच्या जुन्या शहराची वेस आहे. टीचरच्या वडिलांची आठवण."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही माका तसा सांगूक नाय," म्हणाला, आणि मी अडवीपर्यंत थुंकी लावलेल्या अंगठ्याने झेंडा पुसू लागला. झेंड्याबरोबर कमानही गेली. तिथे चिखलासारखा डाग उरला.

मी त्याला दंडाला धरून टीचरच्या घरी नेले. अंथरुणात टेकून बसवलेल्या म्हातारीने चित्र मांडीवर घेतले, त्यावरून बोट फिरवले.

"दरवाजो खंय गेलो गो? तुजे पप्पा थंय उभे रवलेले."

टीचरने पदराने तो डाग टिपून पाहिला.

"मावशे, मी परत काढतंय," पेंटर पायरीवरून म्हणाला.

"तू बघलंस तो दरवाजो?"

"नाय."

"मग कसो काढतलंस?"

तो चपला हातात घेऊन पायऱ्या उतरला. त्या दिवसापासून तो वारला तोवर आमच्या आळीत त्याने पाऊल टाकले नाही. टाकले असते, तरी मी त्याच्याशी बोललो नसतो.