मगदली भौजीने खस्सी कापू दिला नाही

मगदली केरकेट्टा ही माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझी भौजी. तिच्याविषयी चांगलं लिही असं गावातल्या पोरींनी मला बजावलंय म्हणून लिहितोय. नाहीतर तिने माझ्या तोंडचं मटण काढून घेतलं ते मी अजून विसरलेलो नाही.

आमच्या सिमडेग्याकडे धान घरात आलं की हॉकीचे सामने सुरू होतात. बक्षीस असतं खस्सी, म्हणजे खच्ची करून पोसलेला तुकतुकीत बोकड. तो मैदानाच्या कडेला खुंटीला बांधलेला असतो आणि खेळणाऱ्यांचं अर्धं लक्ष त्याच्याकडेच असतं. जिंकलेली टीम त्याला खांद्यावर घेऊन, मांदराचा ढोल वाजवत गावात येते आणि मग सगळं गाव जेवतं. आमच्या कुसुमटोलीच्या पोरी बांबूच्या मुळापासून केलेल्या काठ्यांनी खेळायच्या, तरी भल्याभल्यांना रडवायच्या. त्यांना भौजी शिकवायची आणि शिट्टी मी फुंकायचो. लग्नाआधी ती स्वतः हाफबॅक खेळायची. आजही तिच्या बाजूने चेंडू काढणं म्हणजे वाटेतली म्हैस हटवण्याइतकं अवघड आहे. हे वाक्य तिला वाचून दाखवू नका.

पण दरवर्षी एकच रडगाणं. नाताळात टीम जोरात आणि होळीपर्यंत टीमच नाही. खस्सी पोटात गेलेला, काठ्या मोडलेल्या, आणि पोरी एकेक करून दिल्लीला, लोकांची भांडी घासायला. मध्ये एक संस्था आली. तिने बूट दिले, टोप्या दिल्या, आमचे ढिगाने फोटो काढले आणि पुढच्या वर्षी फोनसुद्धा उचलला नाही. तेव्हा भौजी म्हणाली, "दुसऱ्याच्या बुटात किती दिवस पळायचं? आपलं स्वतःचं काहीतरी पाहिजे, आपोआप वाढत राहील असं."

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. ती काय म्हणतेय हे कुणालाच कळलं नव्हतं.

त्या नाताळात पोरींनी खस्सी जिंकून आणला. मी सुरीला धार लावूनच आलो होतो. बघतो तर भौजीने खस्सी आपल्या अंगणात बांधलेला, आणि स्वतः दारात खाट टाकून बसलेली.

"कापायचा नाही," ती म्हणाली.

"म्हणजे उद्या कापायचा?"

"कधीच नाही. हाटात द्यायचा आणि बदल्यात गाभण शेळी आणायची. शेळीला पिल्लं होतील, पिल्लांना पिल्लं होतील. त्यातून काठ्या येतील, चेंडू येतील, सराव झाला की पोरींना अंडं मिळेल."

"भौजी, गावात मी काय तोंड दाखवू?"

"हेच दाखव. दुसरं आहे कुठे तुझ्याकडे?"

पोरी तर रडकुंडीला आल्या. आमची कर्णधार जसिंता, जिचे पाय आणि तोंड सारख्याच वेगाने चालतात, तावातावाने पुढे आली. "दीदी, धावलो आम्ही, गुडघे फुटले आमचे, आणि खाणार कोण? शेळी?"

"शेळी पाला खाईल. पण तुम्ही पुढच्या वर्षीही खेळाल."

त्या दिवशी विजयाची मेजवानी म्हणून आम्ही उकडलेले चणे खाल्ले. मी रागारागाने चार वेळा मागून घेतले.

शेळी आली ती भौजीने जसिंताच्या घरी नेऊन बांधली. जसिंताची आई सुसाना एकटी बाई, डोंगरातून मोळी आणून विकायची. पोरीशिवाय घरात दुसरं माणूस नाही. दिल्लीत राहणाऱ्या एका मावशीने होळीनंतर जसिंताला न्यायचं ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे जनावर अधियावर देतात, म्हणजे पोसणाऱ्याला निम्मी पिल्लं आणि मालकाला निम्मी. इथे मालक म्हणजे टीम. भौजीने वर एक अट घातली: पोरगी टीममध्ये खेळतेय तोवर शेळी दारात. पोरगी गेली की शेळीही गेली.

होळी झाली आणि मावशी पिशवी घेऊन हजर. सुसाना शेळीच्या पोटावर हात फिरवत बसली होती.

"आत्ता नाही जमायचं," ती म्हणाली. "ही आज-उद्या व्यायची आहे. पोरगी गेली तर हिला सोडून नेतील."

"अगं, पोरीपेक्षा शेळी मोठी झाली का तुला?"

"तुला एकटी पोरगी पाहिजे. मला दोन्ही पाहिजेत."

मावशी रिकाम्या हाताने परत गेली. भौजी माझ्याकडे बघून एवढी हसली की मलाही मटण विसरावंसं वाटलं.

शेळीला दोन पिल्लं झाली. टीमच्या वाट्याचं पिल्लू दुसऱ्या पोरीच्या घरी गेलं. पुढचे खस्सीही हाटात बदलले. बघता बघता टीममधल्या प्रत्येक पोरीच्या दारात शेळी दिसायला लागली. आधी ज्या आया पोरींना सरावातून ओढून न्यायच्या, त्याच आता "उठ, उशीर झाला" म्हणून त्यांना घराबाहेर काढायच्या. भर पावसाळ्यातसुद्धा सराव चालू! दिल्लीची वाट कुणी विचारेना. आणि ईस्टरला टीमच्या वाट्याचा एक बोकड कापायला भौजीने परवानगी दिली, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

मग एका सामन्याला रांचीच्या खेळ हॉस्टेलचे प्रशिक्षक आले आणि त्यांनी जसिंताला निवडलं. राहणं, खाणं, शाळा, शिवाय हिरव्या टर्फवर रोज हॉकी. शनिवारच्या बसने या, म्हणाले. आम्ही मांदर काढला, नाचलो. भौजीचे तर डोळे कोरडे होईनात.

दुसऱ्या दिवशी सुसाना येऊन उभी राहिली. "दीदी, मी जसिंताला पाठवत नाही."

"का गं?"

"शेळी पुन्हा गाभण आहे. पोरगी गेली की शेळी गेली. अट तुझीच."

"सुसाना, ती अट दिल्लीसाठी होती गं," भौजी कशीबशी म्हणाली.

पण बाकीच्या आयाही जमल्या होत्या. "हिला सूट दिलीस, तर उद्या माझी पोरगी मावशीकडे गेली तरी शेळी माझीच," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "अट सगळ्यांना सारखी पाहिजे." त्यांचंही खोटं नव्हतं. त्या दिवशी भौजी जेवली नाही. "पोरींना घरात ठेवायला मीच दावं वळलं, आणि नेमकी पुढे जाणारी पोर त्यात अडकली," म्हणाली आणि माझ्यासमोर ढसाढसा रडली. मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी सरावाला तिने सगळ्या आयांना मैदानावर बोलावलं.

"अट मोडायची नाही," ती म्हणाली, "पण नीट करायची. टीममधली जागा रिकामी राहता कामा नये. ज्या घरातली पोरगी हॉस्टेलला जाईल, त्या घरातलं दुसरं कुणीतरी तिच्या जागी खेळेल. मग शेळी तिथेच राहील. आहे कबूल?"

सगळ्या कबूल म्हणाल्या. आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की सुसानाच्या घरात दुसरं कुणी नाही. जसिंताने काठी खाली टाकली. "जाऊ दे दीदी. मी नाही जात. आयो एकटी, आणि शेळीही जाणार. मला नको हॉस्टेल."

सुसाना पुढे आली. तिने पदर कमरेला खोचला आणि पोरीची काठी उचलली.

"दुसरं कुणीतरी, असंच म्हणालीस ना दीदी? वय सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं," भौजी म्हणाली.

"डोक्यावर मोळी घेऊन रोज डोंगर उतरते मी. गोलात उभी राहू शकते." आणि ती खरोखरच गोलात जाऊन उभी राहिली. "जसिंता, मार."

"आयो, लागेल तुला!"

"मार म्हणते ना!"

भौजीने माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टी फुंकली. जसिंताने हळूच मारला तर आईने चेंडू पायाने परत ढकलून दिला आणि ओरडली, "अशी मारतेस? अशी रांचीला जाणार तू?" मग मात्र पोरीने जीव तोडून मारला. चेंडू सुसानाच्या नडगीवर आदळला. ती बसकण मारून खाली पडली, कळवळली, आणि चेंडू कुशीत धरून हसत सुटली. "अडवला!" सगळ्या आया नाचत आत घुसल्या. सराव तिथेच संपला, कारण त्यांना मैदानाबाहेर काढायला माझी शिट्टी कमी पडली.

शनिवारी जसिंता रांचीच्या बसमध्ये बसली. आम्ही निम्मं गाव निरोपाला गेलो होतो, पण सुसाना आली नाही. तिची सरावाची वेळ झाली होती, आणि उशिरा येणाऱ्याला भौजी मैदानाला फेऱ्या मारायला लावते.