खाली पडलेलं सोनं
ओल्या पाचोळ्याचा वास आला की मला टिलबर्ग या डच शहराजवळच्या आमच्या गावातला कोरोनातला दसरा आठवतो. कुणाच्या घरी जायची सोय नव्हती, म्हणून आम्ही चार मराठी मैत्रिणी गावामागच्या सरकारी जंगलात भेटलो आणि आपट्याऐवजी बीच वृक्षाची पिवळीधमक पानं लांबूनच एकमेकींच्या पुढ्यात ठेवली. तोडायचं नाही, पडलेलंच उचलायचं, हा नियम माझा. त्याच आठवड्यात नगरपालिकेची ऑनलाइन सुनावणी होती. जंगलाला लागून असलेल्या स्की हॉलला आपला छताखालचा कृत्रिम बर्फाचा उतार वाढवायचा होता आणि त्यासाठी नेमके तेच वृक्ष पाडायचे होते. हॉलचे मॅनेजर म्हणाले, "तिकडे कुणी फिरकत नाही. शिवाय पाडू तेवढी झाडं आम्ही दुसरीकडे लावू." माझी पाळी आली तेव्हा मी कॅमेऱ्यासमोर पान धरलं आणि मोडक्यातोडक्या पण खणखणीत डचमध्ये सांगितलं, "आम्ही फिरकतो. आमच्या देशात सणाला एका झाडाची पानं सोनं म्हणून वाटतात, त्यापायी झाड पार ओरबाडतात आणि नवीन लावू असंही दरवर्षी म्हणतात. माझ्या शाळेमागचं झाड असंच गेलं, ते अजून परत आलेलं नाही." अध्यक्षबाई म्हणाल्या, "पान जरा पुन्हा दाखवता?" मी दाखवलं. उतार शेवटी पार्किंगच्या बाजूला वाढला. त्याची बर्फ गोठवणारी यंत्रं सतत घुमतात आणि त्या कडेला आता घुबड ऐकू येत नाही. ते मला अडवता आलं नाही. पण बीच उभे आहेत. दसऱ्याला आम्ही अजूनही त्यांच्याखाली जातो आणि वारा नसला तर थांबतो. सोनं पडतंच.