गोष्ट आधी पोचली

मशीनबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. भाषांची पाहणी करणाऱ्या खात्यात त्या इतकी वर्षं हंगामी म्हणून राबत होत्या, की गळ्यात अडकवलेल्या रेकॉर्डरसकटच लोक त्यांना ओळखत. कायम करण्याचं गाजर प्रत्येक नव्या साहेबाने दाखवलं आणि बदली झाल्यावर बरोबर नेलं. बाईंनी त्याची आस कधीच सोडली होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती, पाहणीत एकदा आपलं माहेर यावं.

माहेर म्हणजे घाटाच्या पार वर, रस्ता जिथे संपतो तिथलं गाव. बोली वेगळी, आणि शाळा मात्र खालच्या खोऱ्यातल्या भाषेत. लहानपणी मास्तर ‘ऊठ’ म्हणाले की बाई बसून राहायच्या, ‘बस’ म्हणाले की उभ्या, आणि दोन्हींना छडी तीच. आता त्यांची भाची त्याच वर्गात तोंडात मिठाची गुळणी धरून बसत होती. भाऊ म्हणायचा, पोरगी मठ्ठ आहे, गुरं राखू दे. पाहणीत गावची बोली वेगळी ठरली तर शाळेला त्या बोलीतली पुस्तकं आणि ती बोलणारी शिक्षिका मिळणार होती. यंदा एकदाचं गाव पाहणीत आलं आणि बाईंचा सगळा जीव त्या निकालात अडकला.

परीक्षेची रीत साधी. खालच्या खोऱ्यातल्या कुणीतरी सांगितलेली गोष्ट मशीनवर ऐकवायची आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे. लोकांना उत्तरं आली नाहीत तर त्यांची भाषा वेगळी. जगातली ही एकच परीक्षा असेल, जिच्यात नापास होण्यात फायदा! अट एवढीच, की ती गोष्ट त्यांनी आधी ऐकलेली नसावी. या वेळची गोष्ट एका हरवलेल्या घोडीची होती.

जीप निघाली आणि घाटात दरड कोसळली. घाटाखालच्या खानावळीत मुक्काम पडला. ‘आज रस्ता मोकळा होतोच’ असं रोज सकाळी सांगणारा मुकादम रोज संध्याकाळी तोंड चुकवायचा. ट्रकवाले, खेचरवाले, दूधवाले, सगळेच ताटकळलेले. बरोबरचा साहेब शहरातला, त्याला करमेना. पत्ते खेळून झाले, खानावळवाल्याशी भांडून झालं. मग एका संध्याकाळी त्याने बाईंकडून मशीन मागून घेतलं आणि मोठ्या आवाजात घोडीची गोष्ट लावली.

"साहेब, नको हो," बाई म्हणाल्या. "यातलं कुणी वर गेलं तर सगळं पाण्यात जाईल."

"रस्ता बंद आहे बाई. जाणार कोण? पाखरं?"

लोक हसले. साहेबाला चेव चढला. मग त्याने प्रश्नही विचारले, बरोबर उत्तराला एक चहा. घोडी कुठल्या रंगाची? नेली कुणी? सापडली कुठे? खानावळ नुसती दणाणली. हंगामी माणसाने साहेबाला किती वेळा ‘नको’ म्हणावं यालाही मर्यादा असते.

दुसऱ्या दिवशी एक खेचरवाला कंटाळून पायवाटेने वर निघाला. बाई वळणापर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या. पण त्यांनी स्वतःची समजूत घातली, की याला मीठ आणि रॉकेल पोचवायचंय, याला घोडीचं काय पडलंय?

आणखी बरेच दिवस गेल्यावर रस्ता सुटला. वर पोचले तर सगळं गाव धुतलेले कपडे घालून रस्त्यावर हजर, आणि सगळ्यांत पुढे बाईंची आई. शाळेच्या खोलीत मशीन मांडलं. पहिला बसला म्हातारा गुराखी. उभ्या जन्मात तो घाट उतरला नव्हता. मशीनमधल्या माणसाचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हातारा ठणकावून म्हणाला, "पांढरी!"

प्रश्न अजून यायचाच होता. त्याच्यानंतर जे जे बसले त्यांची सगळी उत्तरं बरोबर, आणि सगळ्यांची त्याच त्या शब्दांत. बाईंनी मशीन बंद केलं. त्या आईला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"आई, हे काय आहे?"

आई खुलली. "तो खेचरवाला सांगत आला ना, तुमची लेक परीक्षा घ्यायला येतेय, आणि असले असले प्रश्न आणि त्यांची ही उत्तरं आहेत. म्हटलं, शहरातल्या साहेबासमोर आपल्या पोरीची मान खाली जायला नको. रोज संध्याकाळी सगळ्यांना बसवून घोकून घेतलं. तो गुराखी किती दिवस काळी, काळीच म्हणत होता मेला!"

बाई तडक साहेबाकडे गेल्या. "साहेब, हे बाद करा. गोष्ट आधीच फुटलीय. आपण दुसरी घेऊन परत येऊ."

"परत यायला कोण देतंय? सगळे दिवस दरडीत गेले." साहेबाने आवाज खाली आणला. "आणि फुटली म्हणून लिहिलं तर कुठे फुटली ते विचारतील. तुम्हाला एवढंच वाटत असेल तर लिहितो, गावाने फसवणूक केली, आणि घोकून घेणारी आपल्याच बाईंची आई. मग खातं तुम्हाला ठेवतंय का बघा."

बाई गप्प बसल्या. नोकरीसाठी आपण गप्प बसलो, हे त्यांनी स्वतःपासूनही लपवलं नाही. साहेबाने लिहून टाकलं, की या गावाला खालची भाषा उत्तम समजते, वेगळ्या पुस्तकांची गरज नाही.

जीपपाशी आई भाचीला पुढे घेऊन आली. "हिचंही एक उत्तर चुकत नाही बरं का. आणि हिचा बाप हिला मठ्ठ म्हणतो!" मग हळूच विचारलं, "आता येतील ना गं पुस्तकं?"

त्या क्षणी बाईंना साहेबाचा नाही, आईचा राग आला. इतका, की त्या म्हातारीला धरून गदागदा हलवावं. तो राग आता जन्मभर कुणाला सांगता येणार नव्हता. त्यांनी आईला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "येतील ना. तू तयारी छान करून घेतलीस."

आई गावाकडे वळून ओरडली, "सगळे पास झालो रे!"

गावाने टाळ्या वाजवल्या. भाचीने सगळ्यांत जोरात.